डीजेचा १५ इंची बेस बोलेरोत बसवू का?

वाचकाचं पत्र:

"नमस्कार भाऊ. मी घाटंजी तालुक्यातला. दिवाळीनंतर जुनी बोलेरो घेतली. घरच्यांचा दवाखाना, बाजार, लग्नकार्य त्याच्यावरच होते. सीझनमध्ये वऱ्हाडाच्या भाड्यालेही जाते. डेक आहे, चारही दरवाज्यांत स्पीकर आहेत, पण डिझेलच्या आवाजात बेस म्हणून काही ऐकूच येत नाही. माझा एक दोस्त डीजेवाला आहे. त्याच्याकडं एक १५ इंची बेस पडून आहे, ८ ओहमचा, मागं ६०० वॉट लिहिलं आहे. स्वस्तात देतो म्हणते. म्हणते, 'कारचे बेस म्हणजे खेळणं, हा लाव, काचा हालतील.' यवतमाळचा कार डेकोरवाला म्हणते, १२ इंची कारचाच सबवूफर घ्या आणि त्याले मोनो ॲम्प (एकट्या बेससाठीचा ॲम्प्लिफायर) लावा. आता १२ म्हणजे १५ पेक्षा लहान, अन् पैसे उलट जास्त, हे मले पटून नाही राहिलं. बजेट पंचवीस हजार. पोळ्याले मागचा दरवाजा उघडून गाणे लावायची हौस आहे. काय करू सांगा."

उत्तर:

भाऊ, निकाल आधी सांगतो. काचा लावून, गाडीत बसून ऐकायचं असेल तर कारचाच १२ इंची घ्या आणि तो सीलबंद पेटीत बसवा. पोळ्याला दोस्ताचा सेट त्या दिवसापुरता भाड्यानं आणा. पण नुसत्या निकालावर तुमचं समाधान होणार नाही, आणि दोस्त चहाच्या टपरीवर भेटला की परत डोकं फिरवेल. म्हणून कारण नीट सांगतो.

दोस्ताची बाजू आधी घेतो, कारण त्याच्या जागी तो बरोबर आहे. डीजेचे बेस उघड्यावर आवाज लांब फेकायला बनवलेले असतात. हलका कागदी कोन (स्पीकरचा पुढं-मागं हलणारा पडदा), कडेला चुण्या घातलेल्या कापडाची कडक किनार, जाड मॅग्नेट. अशा बेसला १ वॉट दिला आणि १ मीटरवर मोजलं तर साधारण ९५ ते ९८ डेसिबल येतात. कारच्या १२ इंचीला तोच १ वॉट दिला तर ८५ ते ८८. दहा डेसिबलचा फरक कागदावर लहान दिसतो, पण तीन डेसिबल वाढवायला पॉवर दुप्पट लागते आणि दहा वाढवायला दहापट. म्हणजे चौकात, मंडपात, वरातीत दोस्ताचा बेस ५० वॉटवर जे काम करतो, त्यासाठी कारच्या सबवूफरला ५०० वॉट पाजावे लागतील. तिथं त्यानं कारच्या सबवूफरला खेळणं म्हटलं तर मी वाद घालणार नाही.

फक्त, हा ९५-९८ डेसिबलचा आकडा सगळ्या सुरांना सारखा लागू नसतो. डीजेच्या गाण्यात छातीवर जो ठोका बसतो तो बहुतेक ६० ते १०० हर्ट्झच्या (हर्ट्झ म्हणजे सेकंदाला किती हेलकावे) आसपासचा. तिथं प्रोफेशनल बेस राजा आहे. त्याच्याही खाली ३० ते ५० हर्ट्झचा एक घुमारा असतो. तो कानापेक्षा सीटमध्ये, पाठीत जाणवतो. गाडीचं इंजिन आणि रस्ता नेमका याच खालच्या भागात गुरगुरत असतो, म्हणून तुम्हाला गाणं पोकळ वाटतं. हा खालचा भाग वाजवायला हवा ढकलावी लागते, आणि किती हवा ढकलली जाते हे नुसत्या इंचांवर ठरत नाही.

हिशोबच करू. १५ इंची बेसच्या कोनाचं कामाचं क्षेत्रफळ साधारण ८५५ चौरस सेंटिमीटर. डीजेच्या सर्वसाधारण बेसचा कोन मधल्या जागेपासून एका बाजूला ५-६ मिलिमीटर सरळ चालतो. त्यापुढं कॉइल (कोनाला चिकटलेली तारेची गुंडाळी) मॅग्नेटच्या पकडीबाहेर जायला लागते आणि आवाज फाटतो. ६ मिलिमीटर धरले तर एका धक्क्यात सुमारे ५१० घन सेंटिमीटर हवा. आता कारचा बरा १२ इंची घ्या. क्षेत्रफळ ४९० च्या आसपास, पण रबराची जाड किनार आणि लांब कॉइल यामुळे चाल १२ मिलिमीटर. हवा किती झाली? जवळपास ५९० घन सेंटिमीटर. लहान दिसणारा १२ इंची खालच्या सुरात मोठ्या १५ पेक्षा जास्त हवा हलवतो. इंच दुकानात डोळ्याला दिसतात, चाल दिसत नाही. कंपनीच्या कागदावर ती 'एक्समॅक्स' नावानं लिहिलेली असते. ती नक्की विचारा. काउंटरवाल्याला माहीत नसेल तर खोक्यातलं माहितीपत्रक उघडायला लावा.

दुसरी गोष्ट पेटीची, आणि माझ्या मते खरा निकाल इथंच लागतो. कोणत्याही सबवूफरला किती लिटरची पेटी लागेल हे थील आणि स्मॉल या ऑस्ट्रेलियातल्या दोघांनी मांडलेल्या आकड्यांवरून काढतात. थील यांचा लेख १९६१ सालचा, स्मॉल यांचं काम १९७० नंतरचं. आजही प्रत्येक चांगल्या सबवूफरच्या कागदावर 'एफएस', 'क्यूटीएस', 'व्हीएएस' हेच आकडे छापलेले असतात. एफएस म्हणजे कोन मोकळा असताना आपोआप ज्या सुरावर डोलतो तो सूर. क्यूटीएस म्हणजे ते डोलणं किती लवकर आवरतं याचं माप. व्हीएएस म्हणजे कोनाच्या किनारीत जितकी लवचीकता आहे तितकीच लवचीकता किती लिटर हवेत असते, ते माप.

सायकलच्या पंपाचं तोंड बोटानं दाबून दांडा दाबला की हवा कशी स्प्रिंगसारखी उलट ढकलते, तसंच लहान पेटीतली हवा कोनाला उलट ढकलते. पेटी जितकी लहान, स्प्रिंग तितकी कडक, आणि कोनाचा सूर तितका वर सरकतो. दोस्ताच्या १५ इंचीसारख्या बेसचा एफएस साधारण ४० हर्ट्झ आणि व्हीएएस १५० लिटरच्या घरात असतो. बोलेरोच्या मागच्या आडव्या सीटांमध्ये तुम्ही फार तर ६० लिटरची बंद पेटी ठेवू शकाल. त्या पेटीत हा बेस ४० वरून सरळ ७५ हर्ट्झवर जातो, आणि त्याखाली त्याचा आवाज भराभर पडतो. म्हणजे धप धप होईल, काचाही वाजतील, पण ज्यासाठी तुम्ही हा खटाटोप करून राहिलात तो घुमारा येणारच नाही. कारचा १२ इंची मात्र याच अडचणीसाठी बनवलेला असतो. एफएस २८, व्हीएएस ५० लिटर असा एखादा मॉडेल धरला तर तो ३० लिटरच्या बंद पेटीतही ४५-४६ हर्ट्झवर बसतो. पेटी निम्मी, सूर कितीतरी खाली.

मग सगळेच असं का बनवत नाहीत? कारण त्याची किंमत मोजावी लागते. लहान पेटी, खोल बेस आणि कमी पॉवरमध्ये मोठा आवाज, या तिन्हींतल्या दोनच गोष्टी एकावेळी मिळतात. कारवाल्यांनी लहान पेटी आणि खोल बेस घेतला, आणि पॉवर जास्त लागेल हे मान्य केलं. डीजेवाल्यांनी मोठा आवाज घेतला आणि १५०-२०० लिटरची पेटी मान्य केली. ती पेटी उचलायला चार पोरं असतात आणि ठेवायला टेम्पो.

आता गाडीच्या बाजूनं एक गोष्ट आहे, ती दोस्ताला बहुधा माहीत नसेल, कारण त्याचं सगळं काम उघड्यावरचं. बंद गाडीत खालचे सूर आपोआप वाढतात. आवाजाचा वेग सेकंदाला साधारण ३४५ मीटर. गाडीच्या आतली सगळ्यात लांब बाजू पावणेतीन-तीन मीटर धरली तर साधारण ६० हर्ट्झच्या खालची लाट त्या डब्यात अर्धीसुद्धा मावत नाही. तिथून खाली सबवूफर लाट पाठवत नाही, सगळ्या डब्यातली हवा एकदम दाबतो आणि सोडतो. त्यामुळे सूर जसजसा खाली जाईल तसतसा दाब वाढत जातो, अगदी आदर्श स्थितीत सुराच्या प्रत्येक अर्ध्याला १२ डेसिबलपर्यंत. खरी गाडी फटींतून गळते, पत्रा हलतो, म्हणून तितकं मिळत नाही, पण भरपूर मिळतं. आणि योगायोग असा की बंद पेटीतला सबवूफर आपल्या सुराखाली नेमका १२ डेसिबलनंच पडत जातो. एक पडतो, दुसरं उचलतं. म्हणून ३० लिटरच्या साध्या पेटीतून गाडीत जो बेस मिळतो तो त्याच पेटीतून अंगणात कधीच मिळत नाही.

हे फुकटात पडताळून पाहा. कोणाच्या गाडीत सबवूफर असेल तर मोबाइलवर ४० हर्ट्झचा सूर लावा, आत बसा, काचा वर करा. दाब कानावर येईल. मग कोणाला तरी मागचा दरवाजा उघडायला सांगा. पाठीतून कोणीतरी हात काढून घेतल्यासारखा तो बेस निघून जातो. आवाजाचं बटण कोणी हात लावलेलं नसतं. तुमची पोळ्याची कल्पना इथंच अडते. मागचा दरवाजा उघडा टाकला की कारच्या सबवूफरचा आधारच जातो, आणि बाहेर उभ्या पोरांना पोकळ ढबढब ऐकू येते.

म्हणून माझा प्रश्न तुम्हाला एकच आहे. ऐकणारे कान गाडीच्या आत आहेत की बाहेर? आत असतील तर कारचा. बाहेर असतील तर डीजेचा. दोन्हीकडं असतील तर दोन वेगळी कामं समजा, एका पैशात दोन्ही करायला जाऊ नका. तुमच्या पत्रात घर, बाजार, दवाखाना, वऱ्हाड असं वर्षभराचं काम आत बसून आहे, आणि पोळा एक दिवस.

विजेचं गणितही दोस्ताच्या बेसच्या विरोधात जातं. त्याचा बेस ८ ओहमचा. कारचे ॲम्प ४ आणि २ ओहमसाठी बनलेले. ज्या मोनो ॲम्पवर ४ ओहमला ३०० वॉट लिहिलं आहे तो ८ ओहमला साधारण १५० च देईल. ६०० वॉटच्या बेसला १५० वॉट. खरं बोलायचं तर ७०-१०० हर्ट्झच्या ठोक्यात तो १५० वॉटवरही कारच्या १२ इंचीला मागं टाकेल, हे मी लपवत नाही. पण बंद बोलेरोत ३०० वॉटचा १२ इंचीही सहज ११० डेसिबलच्या वर जातो. त्याहून मोठा ठोका पाच फुटांवर बसलेल्या माणसाला हवाच कशाला? आणि २३० व्होल्टचा डीजेचा ॲम्प इन्व्हर्टरवर गाडीत चालवायचा कोणी सल्ला दिला तर तो ऐकू नका. बारा व्होल्टचे २३० करायचे, मग ॲम्पनं ते परत बदलायचे, दोन्हीकडं नासाडी, आणि मध्ये सीटखाली २३० व्होल्टची उघडी जोडणी. पोरं बसतात त्या गाडीत हे नको.

प्रोफेशनल माल गाडीत कुठं शोभतो तेही सांगतो, नाहीतर एकतर्फी होईल. दरवाज्यातले साडेसहा किंवा आठ इंची प्रोफेशनल मिडरेंज कमी पॉवरमध्ये मोठा, खडा आवाज देतात, आणि ज्यांना जोरदार गाणं लागतं ते हौसेनं लावतात. उघडा पिकअप असेल, मागं १०० लिटरच्या वरची पेटी ठेवायला जागा असेल, आणि ऐकणारे खाली उभे राहणार असतील, तर मी स्वतः तुम्हाला १५ किंवा १८ इंची प्रोफेशनलच घ्या म्हटलं असतं. बंद बोलेरोला मात्र नाही.

खरेदीला जाण्याआधी घरी एक काम करा, त्याला खर्च नाही. जुनी गाडी आहे, डेक बदललेला असणार, आणि चारपैकी एखाद्या स्पीकरची वायर उलटी जोडलेली असणं अगदी नेहमीचं आहे. एक स्पीकर उलटा असला की एक कोन पुढं येतो तेव्हा दुसरा मागं जातो, आणि दोघांचा बेस एकमेकांत विरून जातो. दरवाज्याची जाळी काढा, डेकमागची स्पीकरची जोडणी सोडवा, आणि साधा पेन्सिल सेल घेऊन त्याचं अधिक टोक अधिक वायरला, उणं टोक उण्या वायरला क्षणभर टेकवा. कोन टुक करून बाहेर आला तर बरोबर. आत गेला तर तो उलटा. चारही तपासा. एवढ्यानंच कधी कधी निम्मी तक्रार मिटते, आणि पुढं सबवूफर लावला तरी हे सरळ करावंच लागणार आहे. दोस्ताचा बेस पाहायला गेलात तर मल्टीमीटर न्या. ८ ओहमचा बेस मीटरवर साडेपाच ते साडेसहा ओहम दाखवतो. दोन्ही तळवे कोनावर पसरून हळू, सरळ दाबा. आत खरखर लागली तर कॉइल घासते, म्हणजे तो एकदा तरी जळालेला किंवा वाईट रिपेअर झालेला आहे. तेव्हा मंडळासाठीसुद्धा घेऊ नका.

आता दुकानात काय मागायचं. सबवूफर १२ इंची, खरी म्हणजे आरएमएस पॉवर ३०० ते ४०० वॉट. खोक्यावरचा १२००-१५०० चा आकडा पीकचा, म्हणजे क्षणभराचा, असतो, तो वाचूच नका. तुमच्या डेकवरही ५० गुणिले ४ लिहिलं असेल. गाडीच्या १४ व्होल्टमधून आत व्होल्टेज न वाढवता ४ ओहमला खरे १८-२० वॉटच निघतात, म्हणून बेस डेकवर कधी चालत नाही आणि वेगळा ॲम्प लागतो. सिंगल कॉइल ४ ओहम घेतला तर जोडणी सोपी. डबल कॉइल ४+४ असेल तर दोन्ही समांतर जोडल्यावर २ ओहम होतात, एकामागं एक जोडल्या तर ८. ॲम्प किती ओहमपर्यंत चालतो ते पाहूनच घ्या. ॲम्प क्लास-डी (कमी वीज वाया घालवणारा प्रकार) मोनो असावा. ३०० वॉटला तो पुऱ्या जोरात २७-२८ अँपिअर ओढेल, पण गाणं सतत पुऱ्या जोरात नसतं, सरासरी त्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आत राहते. बोलेरोच्या अल्टरनेटरला हे जड नाही. मात्र इंजिन बंद ठेवून दोन-दोन तास वाजवलं तर सकाळी धक्का मारायला गडी शोधावे लागतील.

बेस ट्यूबचा मोह होईल, स्वस्त असते. तिच्यात एकाच सुराला फुगवलेला बेस येतो, सगळी गाणी सारखीच वाजतात. मला ती आवडत नाही. जागा अगदीच नसेल, मागची सीट रोज भाड्याला लागत असेल, तर सीटखालचा चपटा ॲक्टिव्ह (ॲम्प आतच असलेला) सबवूफर पाहा. बेस कमी खोल, पण जागेची अडचण नाही.

वायरीवर कंजूषी करू नका, कळकळीनं सांगतो. पंचवीस हजारांतले अडीच-तीन हजार वायर, फ्यूज आणि जोडणीला बाजूला काढा. बाजारात तांब्याचं पाणी दिलेली ॲल्युमिनियमची वायर तांब्याच्या नावानं विकली जाते. ब्लेडनं एक तार खरवडून पाहा. आतून पांढरी चमकली तर ती ॲल्युमिनियम. तिच्यातून तांब्याच्या साधारण ६० टक्केच वीज वाहते, आणि जोडाशी ती गरम होऊन सैल पडते. तुमच्या कामाला ८ गेजची, म्हणजे सुमारे ८ चौरस मिलिमीटरची, खरी तांब्याची वायर पुरे. फ्यूज बॅटरीपासून दीड फुटाच्या आत हवा. ॲम्पजवळच्या फ्यूजनं मधली वायर वाचत नाही. इंजिनकडून आत येताना ती पत्र्याच्या भोकातून जाते, तिथं रबरी बुश नसेल तर गिट्टीच्या रस्त्यावर घासून घासून वायरचं कातडं जाते आणि एक दिवस सरळ आग. अर्थिंगला रंग खरवडून उघड्या पत्र्यावर घट्ट बोल्ट करा, दीड फुटाच्या आत.

पेटी तयार घेण्यापेक्षा गावच्या सुताराकडून करून घ्या. वॉटरप्रूफ प्लाय, १८ मिलिमीटरचा. एमडीएफ स्वस्त पडतो, पण आपल्याकडच्या पावसाळ्यात खालून फुगतो. आतून ३६ बाय ३६ बाय २४ सेंटिमीटर ठेवली तर ३१ लिटर होतात, सबवूफरनं अडवलेली जागा वजा करून २९. बहुतेक १२ इंचींना बंद पेटी म्हणून चालून जाईल, तरी माहितीपत्रकातला आकडा शेवटचा माना. सगळे सांधे आतून गोंद आणि सिलिकॉननं भरा. सबवूफर बसवल्यावर कोन हळूच आत दाबा आणि सोडा. तो सावकाश परत आला तर पेटी बंद आहे, फटकन आला तर कुठंतरी गळते.

ही पेटी नुसती ठेवू नका. सबवूफर धरून पंधरा-वीस किलोचं ओझं होते, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना आडव्या सीटवर माणसं बसलेली असतात. ब्रेक लागला की ते ओझं गुडघ्यांवर येईल. लोखंडी पट्टीनं आणि बोल्टनं गाडीच्या तळाला बांधा, आणि बोल्ट टाकण्याआधी खाली डिझेलची पाइप नाही ना ते गाडीखाली झोपून पाहा. ॲम्प पेटीच्या पाठीवर, चादरीखाली कोंडू नका. एप्रिल-मेमध्ये बाहेर ४५ अंश असताना उन्हात उभ्या बंद गाडीत साठच्या वर जाते. तापलेल्या कॉइलचा रोध वाढतो, आवाज आपसूक बसतो, आणि माणूस बटण आणखी फिरवतो. कॉइली जळतात त्या बहुतेक अशा दुपारी.

जळण्याचं दुसरं कारण ॲम्पचा गेन, म्हणजे डेककडून आलेला सिग्नल ॲम्प किती वाढवेल ते ठरवणारं बटण. तो आवाजाचं बटण समजून पूर्ण फिरवला की लाटेचा माथा कापला जातो आणि कॉइल तापत राहते. दुकानदाराला समोर बसून हे करायला लावा: सबवूफरची वायर सोडवा, डेकवरचा बेस-ट्रेबल शून्यावर, बेस बूस्ट बंद, आवाज पाऊण. ५० हर्ट्झचा सूर लावा आणि मल्टीमीटर एसी व्होल्टवर ठेवून ॲम्पच्या आउटपुटला टेकवा. साधं मीटर ५० हर्ट्झ बरोबर मोजते, घरच्या लाइटीचीच ती वारंवारता आहे. ३०० वॉट आणि ४ ओहमचा गुणाकार १२००, त्याचं वर्गमूळ ३४.६. काटा ३४ व्होल्टला आला की गेन तिथंच सोडा आणि त्यावर टेप चिकटवा. लो-पास (त्याच्या वरचे सूर अडवणारी चाळणी) ८० हर्ट्झवर. मग सबवूफर जोडून नेहमीचं गाणं लावा, फेजचं बटण ० आणि १८० असं दोन्हीकडं करून पाहा, आणि ड्रायव्हरच्या सीटवर बसून जिथं बेस भरून येतो तिथं ठेवा.

वऱ्हाडाच्या भाड्याचं एक सांगायचं राहिलं. मागच्या सीटवर बसणाऱ्यांपासून तुमचा सबवूफर हातभर अंतरावर असणार. तिथं कधी कोणाची म्हातारी आई असेल, कधी कडेवरचं लेकरू. ८५ डेसिबलला आठ तास ही कामाच्या जागेसाठी सुचवलेली मर्यादा आहे, आणि दर तीन डेसिबलला ती वेळ निम्मी होत जाते. १०० डेसिबलला पंधरा मिनिटं उरतात. लहान लेकराच्या कानाला तर तेवढीही नको. डेकजवळ बेसचं रिमोट बटण बसवून मिळते, ॲम्पसोबत बहुतेक येतेच. ते स्टिअरिंगजवळ लावा आणि मागं लेकरू दिसलं की बेस खाली आणा. पुढं चढलेलं पोरगं 'वाढवा दादा' म्हणेल, त्याचं ऐकू नका.

आता पोळा. त्या दिवशी दोस्ताचे दोन टॉप-बेस आणि त्याचा जनरेटर भाड्यानं घ्या. दोस्तालाही काम मिळेल आणि बैलांपासून लांब, मैदानाच्या एका कडेला ते लावता येतील. सजवलेली जोडी तोरणाखाली उभी असताना तिच्या कानाशी बेस नको, बैल बुजला तर माणसं तुडवली जातात. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकरला बंदी आहे, २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत ते आहे, आणि लाउडस्पीकरची लेखी परवानगी आधीच काढून ठेवा. गाडीलाच स्पीकरची भिंत करायचा विचार कोणी डोक्यात घातला तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येते. नोंदणीत आहे त्या गाडीच्या मूळ रचनेत परवानगीशिवाय बदल करता येत नाही. भाड्याच्या गाडीला हे महागात पडेल.

दोस्ताला पैसे देऊन झाले असतील तरी बेस वाया जात नाही. १०० लिटरच्या वरची पोर्ट (हवेसाठी मुद्दाम ठेवलेलं भोक) असलेली पेटी करून तो समाजमंदिरात किंवा मंडळाच्या सेटला २३० व्होल्टच्या ॲम्पवर लावा, तिथं तो त्याच्या जातीचं काम करेल.

दुकानात दोन-तीन मॉडेल दाखवले की त्यांच्या माहितीपत्रकाचे फोटो काढा, मागच्या दोन सीटांमधली मोकळी जागा टेपनं मोजा, अल्टरनेटरवरच्या पट्टीवर अँपिअरचा आकडा असेल तो लिहून घ्या, आणि हे सगळं मला पाठवा. कोणता घ्यायचा ते त्यावरून सांगतो. तोवर पैसे देऊ नका.